मेदवृद्धी आणि आपल्या शेतातील गुणकारी द्रव्ये

(कृषी अधिकारी, उमरी, जि. नांदेड यांजकडून)

उमरी तालुक्यातील एका गावी रब्बीच्या बियाण्याविषयी सभा होती. सभा संपली, मंडळी पांगली, आणि साठीच्या घरातील एक शेतकरी तेवढे मागे राहिले. त्यांनी पिशवीतून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. चरबी झडविणारे, गुडघेदुखी घालविणारे आणि साखर मुळापासून बरी करणारे चूर्ण म्हणून तो त्यांना आठवड्याच्या बाजारात विकण्यात आला होता. किंमत एका क्विंटल ज्वारीच्या जवळपास. मी डबा हातात घेऊन पाहू लागलो, तसे ते म्हणाले, "साहेब, ह्यावर तर सगळं आपल्याच रानातलं लिहिलंय. मेथी, हळद, कारलं, कोकम. मग ह्याला खोटं कसं म्हणावं?"

मी विचारले, "मामा, साखरेची गोळी चालू आहे ना?"

"दोन महिने झाले, बंद केली. विकणारा म्हणाला, गोळी म्हणजे विष, हे चूर्ण म्हणजे झाडपाला. दोन्ही एकत्र घेऊ नका."

त्यांच्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम महिनाभर भरली नव्हती. त्याच दिवशी त्यांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले. रक्तातील साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली व जखमेवर उपचार केले. पाय वाचला. मात्र त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. तो प्रश्न पिकांचाही आहे, म्हणून त्याचे उत्तर देणे हे शेतकी खात्याच्या माणसाचेही काम आहे, असे समजून हा लेख लिहीत आहे.

खेड्यात हा विकार कोठून आला?

मेदवृद्धी हा शहरातील गादीवर बसणाऱ्यांचा विकार आहे, ही समजूत आता सोडावयास हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के व पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्यापूर्वीच्या २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ व १९ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दर शंभर प्रौढांमागे जवळजवळ चाळीस जणांचे पोट सुटलेले, तर अकरांहून अधिक जणांना मधुमेह असल्याचे दिसून आले.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक ध्यानात ठेवावी लागते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता व त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. आपली बालके लहान, त्यांचे स्नायू कमी. परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. वरून कृश दिसणाऱ्या देहातही मेद असू शकतो, असा याचा अर्थ. म्हणूनच आपल्याकडे वजनाच्या काट्याइतकेच महत्त्व कंबरेच्या मापाला आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर यांच्या पुढे गेली की सावध व्हावे.

शेतीतील कष्टांचे स्वरूपही पालटले आहे. नांगरणी ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते, शेतावर जाणे मोटारसायकलवरून होते. या सुधारणा स्वागतार्हच आहेत. कोणी पुन्हा मोट हाकावी असे मी म्हणणार नाही. परंतु कामाचे उष्मांक कमी झाले आणि ताटातील उष्मांक वाढले, तर शिल्लक कोठेतरी साठणारच. प्रस्तुत लेखकाची कंबरही नोकरीच्या आठ वर्षांत चार बोटे वाढली आहे, हे येथे कबूल केलेले बरे.

चरकाने सांगितलेली धान्ये

या विकाराचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याची लक्षणे, कारणे व चिकित्सा दिली आहे. अतिभोजन, गोड व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप आणि आईबापांकडून आलेली प्रकृती ही कारणे तेथे सांगितली आहेत. आजचा डॉक्टर याहून फारसे निराळे सांगणार नाही.

अशा मनुष्यास कोणता आहार द्यावा, याविषयीचे चरकाचे तत्त्व मार्मिक आहे. अन्न पचावयास जड असावे, पण पोषणाने हलके असावे. म्हणजे पोट भरलेले राहावे आणि मेद मात्र वाढू नये. त्यासाठी त्याने राळा, सावा, जव, कोदो, मूग, कुळीथ, तूर, पडवळ आणि आवळा यांची नावे घेतली आहेत. त्याच यादीतील 'जूर्णाह्व' या धान्याचा अर्थ अभ्यासक ज्वारी असा करतात. ही सारी यादी कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणगीची आहे. मोठी किंमत मोजून आणावयाचे त्यात काहीच नाही.

आता यांपैकी व डब्यावर लिहिलेल्यांपैकी काही वनस्पतींत कोणती द्रव्ये आहेत आणि ती काय करतात, हे क्रमाने पाहू.

ज्वारी

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. पॉलिश केलेल्या तांदळात ते ३ ग्रॅमहूनही कमी असतात. कोंड्यासकट दळलेल्या गव्हात मात्र ते ज्वारीइतकेच, किंबहुना किंचित अधिक असतात. तेव्हा तंतूंच्या बाबतीत ज्वारीच श्रेष्ठ असे म्हणणे खरे होणार नाही. ज्वारीचे वैशिष्ट्य दुसऱ्या ठिकाणी आहे. तिच्यातील काफिरिन नावाचे प्रथिन पिष्टकणांना वेढून असते. त्यामुळे पिष्ट सावकाश पचते व रक्तातील साखर एकदम चढत नाही. शिवाय भाकरी तेलाशिवाय भाजली जाते आणि चावून खावी लागते.

तांबड्या व तपकिरी दाण्याच्या काही ज्वारींत टॅनिन असते. त्याच्या तुरटपणामुळे पाखरे अशा कणसांना कमी लागतात. कुक्कुटपालन करणाऱ्यांना ठाऊक आहे की अशी ज्वारी खाद्यात घातली तर तेवढ्याच खाद्यावर कोंबडीचे वजन कमी वाढते, कारण टॅनिन प्रथिनांना व पिष्टाला बांधून ठेवते. कोंबडीच्या बाबतीत जो दोष, तोच मेदस्वी माणसाच्या बाबतीत गुण ठरेल काय, हे शास्त्रज्ञ आज तपासून पाहत आहेत. आपल्या मालदांडीसारख्या पांढऱ्या ज्वारीत हे टॅनिन जवळजवळ नसते, म्हणून तिच्या नावावर हा गुण मांडू नये.

भाकरीविषयी एक सूचना. एका भाकरीला सुमारे ७० ग्रॅम पीठ लागते व तिच्यातून सुमारे २३० उष्मांक मिळतात. भाकरी आहे म्हणून दोनच्या जागी चार खाल्ल्या, तर काफिरिन काही वाचविणार नाही.

मेथी

मेथीच्या दाण्यात जवळजवळ निम्मा भाग तंतुमय पदार्थांचा असतो. त्यांपैकी गॅलॅक्टोमॅनन नावाचा भाग पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. रात्री भिजविलेली मेथी सकाळी चिकट लागते ती त्यामुळेच. हा चिकट भाग जठरातून अन्न पुढे सरकण्याची गती मंद करतो, भूक लवकर लागू देत नाही आणि साखरेचे शोषण हळू करतो. शिवाय मेथीत एक विशिष्ट अमिनो आम्ल असते. ते स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्यास मदत करते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. आर. डी. शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मेथीचे प्रयोग मधुमेही रुग्णांवर केले. रक्तातील साखर व मेद यांवर अनुकूल परिणाम दिसला. पण १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात रुग्णांना दररोज १०० ग्रॅम मेथीचे तेलविरहित पीठ आहारातून दिलेले होते. डब्यातील चूर्णाचा एक चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम, आणि त्यातही मेथी हा अनेकांतील एक घटक. एवढ्यावरून तेच फळ मिळेल असे मानणे हिशेबात बसत नाही.

मेथी साखर उतरविते, म्हणूनच मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्याने ती मोठ्या प्रमाणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर स्त्रियांनीही औषधी प्रमाणात घेऊ नये. भाजी म्हणून पाने व फोडणीपुरते दाणे यांना अर्थातच हरकत नाही.

हळद

नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात हळद हे नगदी पीक आहे, त्यामुळे तिच्याविषयी आपल्याला आपुलकी असणे साहजिक आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या कुरकुमिनामुळे येतो, ते वाळलेल्या हळकुंडात साधारण २ ते ५ टक्के असते. प्रयोगशाळेत, चरबीयुक्त खाद्य दिलेल्या उंदरांवर त्याचा चांगला परिणाम दिसतो. माणसात मात्र ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखविले की मिऱ्यातील पायपेरिन सोबत दिल्यास हे शोषण वीसपट वाढते. तेव्हापासून मिरीयुक्त हळदीच्या गोळ्यांना बाजार आला.

परंतु शोषण वाढले की अपायाची शक्यताही वाढते. अशा तीव्र गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणे इटली व अमेरिकेत नोंदली गेली आहेत. भाजीतील चिमूटभर हळद आणि गोळीतील कुरकुमिन यांत बैलगाडी व मालगाडी यांइतका फरक आहे.

कोकम

चरबी झडविण्याच्या जाहिरातींत सर्वांत मोठे नाव कोकम-वर्गातील फळांचे आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याच देशात सुरू होतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकंठन् यांनी १९६५ साली केरळातील कुडमपुळी या फळातील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असल्याचे दाखविले. कोकणातील कोकमाच्या सालीतही ते असते. शरीरात जादा साखरेची चरबी बनविण्याच्या कामी एक विकर लागतो. हे आम्ल त्याच विकराला अडविते. प्रयोगशाळेत हे सिद्ध झाले, तेव्हा मेदवृद्धीचा रामबाण उपाय सापडला असे अनेकांना वाटले.

मग माणसांवर रीतसर परीक्षा झाली. न्यूयॉर्क येथे १३५ स्थूल व्यक्तींचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे रोज दीड ग्रॅम हे आम्ल दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. आहार दोघांचाही सारखा. १९९८ साली निकाल प्रसिद्ध झाला. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले, आणि नुसती गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. म्हणजे वजन घटले ते आहाराने. पुढे ही द्रव्ये असलेल्या काही गोळ्यांनी यकृत बिघडल्याच्याही नोंदी झाल्या.

यावरून कोकमाला नावे ठेवू नयेत. उन्हाळ्यात बाटलीतल्या गोड पेयाऐवजी बिनसाखरेची सोलकढी किंवा कोकमाचे आगळ पाण्यात घेतले, तर पेल्यामागे चार-पाच चमचे साखर टळते. कोकमाचा खरा उपयोग हाच.

गुग्गुळ

जुन्या ग्रंथातील वचन आणि आजची कसोटी यांची गाठ कशी पडते, याचे चांगले उदाहरण गुग्गुळाचे आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी मेदोरोगाविषयीच्या आयुर्वेदीय वर्णनावरून गुग्गुळाची निवड केली व १९६६ साली त्यावर प्रबंध सादर केला. सशांवरील प्रयोगांत त्यांना रक्तातील मेद कमी झालेला आढळला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यावरून औषध तयार केले. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील परीक्षेत त्या औषधाने अपायकारक कोलेस्टेरॉल कमी न होता उलट काहीसे वाढले. शास्त्राची वाट अशीच असते. एका पावलाने ती संपत नाही. दरम्यान मागणीमुळे राजस्थान-गुजरातेतील गुग्गुळाची झुडपे इतकी ओरबाडली गेली की ही जात आज अतिसंकटग्रस्तांत गणली जाते.

ज्या गोळीला विष म्हटले

आता त्या गोळीकडे वळू, जी विकणाऱ्याच्या सांगण्यावरून मामांनी बंद केली. ती मेटफॉर्मिन होती. हे नाव ऐकून कोणालाही रसायनाची भट्टी आठवेल, परंतु तिचे मूळ एका वनस्पतीत आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक झुडूपवजा वनस्पती होते. आपल्या मेथीच्या, तुरीच्या व हरभऱ्याच्या कुळातलीच ती. तेथील लोक तिचा औषधासाठी वापर करीत. अमेरिकेतील यूटा प्रांतात १८९१ साली चारापीक म्हणून तिची चाचणी घेतली गेली. ती पसरून तण झाली आणि जनावरांना विषारी ठरली. तिच्यातील गॅलेजिन हे द्रव्य साखर उतरविते, पण ते माणसालाही सोसत नाही, असे दिसून आले. त्याच धर्तीवरचे सौम्य द्रव्य म्हणजे मेटफॉर्मिन. ते १९२२ साली प्रयोगशाळेत बनले, आणि १९५७ साली फ्रान्सचे डॉ. झाँ स्टर्न यांनी मधुमेही रुग्णांवर त्याचा उपयोग जाहीर केला. हे औषध वजन वाढू देत नाही, काही अंशी घटवितेही.

म्हणजे झाडपाल्याच्या नावाने जे फेकून दिले, तेच खरे तर झाडपाल्यातून निघालेले आणि दीर्घ काळ तपासलेले औषध होते. डब्यातील चूर्णावर घटकांची नावे होती. प्रत्येकाचे प्रमाण, परीक्षा किंवा बनविणाऱ्याचा पूर्ण पत्ता नव्हता. मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला असे द्यावेसे वाटते. मेथी खोटी नाही, हळद खोटी नाही. खोटे आहे ते प्रमाण न सांगता दिलेले वचन. आपण बियाणे घेताना पिशवीवरील उगवणशक्ती, लॉट क्रमांक व पावती पाहतो. शरीरात घालावयाच्या वस्तूला त्याहून कमी कसोटी का लावावी?

तेलाच्या डब्याचा हिशेब

कोणत्याही चूर्णापेक्षा अधिक फळ देणारी एक गोष्ट घरातच आहे. चार माणसांच्या घरी महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम तेल पोटात जाते. तोच डबा दीड महिना पुरविला, तर माणशी २८ ग्रॅम होते. रोजचे १४ ग्रॅम तेल म्हणजे सुमारे १२५ उष्मांक वाचले. वर्षाचे होतात सुमारे ४५ हजार. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात, तेव्हा कागदावरचा हिशेब वर्षाला सहा किलोंच्या आसपास जातो. शरीर जुळवून घेते, त्यामुळे प्रत्यक्षात घट याहून कमी होईल. तरीही ती विनामूल्य आहे, आणि तेलाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

आपल्या भागातील अंबाडीची कण्या घातलेली भाजी, हरभऱ्याच्या वा मटकीच्या घुगऱ्या, जवसाची व कारळाची चटणी, ताक व ज्वारीची आंबील हे पदार्थ पोट भरतात आणि भूक टिकवून धरतात. चटणी मात्र चमच्यानेच घ्यावी, कारण जवस-कारळ ही तेलबियाच आहेत.

अर्धा एकर ज्वारी

सोयाबीन व कापूस आल्यापासून आपल्या तालुक्यात कित्येक शेतकरी ज्वारी विकत आणून खातात. सोयाबीनला पैसा मिळतो, हे खरे. तरी सोयाबीन निघाल्यावर सारे रान हरभऱ्याला न देता अर्धा-पाऊण एकर घरच्या ज्वारीसाठी ठेवता येईल. पाच माणसांच्या घराला रोज एक किलो पीठ धरले, तर वर्षाला साडेतीन ते चार क्विंटल ज्वारी लागते. मध्यम ते भारी जमीन असून ओल चांगली असल्यास एवढ्या क्षेत्रात ही गरज भागू शकते, आणि बैलाला कडबाही होतो.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीत करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी मोती किंवा परभणी ज्योती ही वाणे, अथवा मालदांडी निवडावी. एकरी ४ किलो बियाणे पुरते. काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळावे. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

एक अडचण खरी आहे. चहूकडे हरभरा आणि मध्ये एकाचीच ज्वारी असली, तर सगळ्या शिवाराची पाखरे तिच्यावरच उतरतात. तेव्हा शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी लगतच्या रानांत एकाच वेळी पेरणी करावी व राखणीची पाळी लावावी. परसात एक गुंठा मेथी टाकावयाची तर पाव किलो बियाणे पुरे.

अखेरीस चार गोष्टी सांगून लेख पुरा करतो. कंबर दोरीने मोजून ठेवावी व तीन महिन्यांनी पुन्हा मोजावी. वयाच्या तिशीनंतर वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. आणि कोणी 'झाडपाला आहे, अपाय नाही' असे म्हणाल्यास धोतऱ्याचे झाड आठवावे. तोही झाडपालाच आहे.

मामांनी गेल्या रब्बीत दोन शेजाऱ्यांना बरोबर घेऊन ज्वारी पेरली. गोळी नियमित चालू आहे. सकाळी ते शेतावर पायी जातात. आठ महिन्यांत त्यांचे वजन तीन किलोने कमी झाले. तीन किलो म्हणजे फार नव्हे, आणि गुडघा अजून दुखतो. पण जखम भरली आहे, आणि चूर्णाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी या वर्षीचे मेथीचे बी ठेवले आहे.